लेकरू देवाचं, राखण आपली: ख्रिस्ती घरात मूल वाढवायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

बाळाचा बाप्तिस्मा होतो, किंवा काही मंडळ्यांत बालसमर्पण. दोन्हीकडे आईबापांना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं जातं, या लेकराला प्रभूच्या शिक्षणात वाढवाल का? आपण ‘होय, देवाच्या साहाय्याने’ म्हणतो. पाळकसाहेब आशीर्वाद देतात, फोटो निघतात, जेवणं होतात. पण ते वाढवणं म्हणजे सोमवारी सकाळपासून नेमकं काय करायचं, हे सहसा कुणी बसवून सांगत नाही. ज्यांचं स्वतःचं बालपण ख्रिस्ती घरात गेलं त्यांना निदान आजीची संध्याकाळची प्रार्थना आठवते. जे लग्नानंतर किंवा तरुणपणी विश्वासात आले त्यांच्याकडे तेवढीही आठवण नसते. त्यांना समोर ठेवूनच हे लिहिते आहे. संडे स्कूलमध्ये लहान मुलांबरोबर बरीच वर्षं गेली, आणि मुलांच्या बोलण्यातून त्यांची घरंही कळत गेली.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. एकशे सत्ताविसाव्या स्तोत्रात संतती ही परमेश्वराची देणगी आहे असं म्हटलंय. म्हणजे मूल आपल्या मालकीचं नाही. आपल्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छा पुऱ्या करायला ते आलेलं नाही, आणि मंडळीत आपली मान उंच व्हावी म्हणूनही नाही. मालक प्रभू आहे, आपण कारभारी. कारभाऱ्याला मनाला येईल तसं वागता येत नाही, त्याला हिशेब द्यायचा असतो. पण सगळा भार आपल्याच डोक्यावर आहे असं समजून रात्र रात्र जागण्याचंही त्याला कारण नसतं. प्रार्थना, शिस्त, क्षमा, मुलाला मोकळं सोडणं, या सगळ्याचं उत्तर मला याच एका गोष्टीत सापडत आलं आहे.

आधी दोघांचं ठरू द्या

मूल बोलायला लागायच्या आधी नवराबायकोने एकदा निवांत बसावं. घरी रोज प्रार्थना कधी करायची, मुलावर हात उचलायचा की नाही, आणि आजीआजोबांचं कुठवर ऐकायचं, या तीन गोष्टी आधी ठरल्या तर पुढची निम्मी भांडणं होत नाहीत. बाबा ‘नाही’ म्हणाले की आईकडे जायचं हे मूल दोन वर्षांचं व्हायच्या आतच शिकतं.

दोघांपैकी एकच जण विश्वासात असेल तर? आपल्याकडे अशी पुष्कळ घरं आहेत, आणि त्यातल्या बायका मंडळीत थोड्या अवघडून बसतात. त्यांनी प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचं घर आठवावं. त्याचा बाप ग्रीक होता, असं प्रेषितांची कृत्यं सोळाव्या अध्यायात सांगतात. विश्वास होता तो आई युनीके आणि आजी लोईस यांच्या ठायी, आणि पौल त्या दोघींची नावं घेऊन लिहितो. बाळपणापासून तीमथ्याला पवित्र शास्त्र ठाऊक होतं, असंही तोच म्हणतो. एकटीने केलेली सुरुवात देवाला कमी पडत नाही. मात्र एकच सांगते, मुलासमोर नवऱ्याला ‘त्यांना काय कळतंय प्रभूचं’ असं कधीही म्हणू नका. बापाला कमी लेखून शिकवलेला देव मुलाला नीट दिसत नाही.

घरची प्रार्थना कशी सुरू करायची

अनुवाद सहाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितलं आहे, देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोला. त्या यादीत मंदिराचं नाव नाही. घर आहे, रस्ता आहे, अंथरूण आहे. जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर १५२८ साली तिथल्या सॅक्सनी प्रांतातल्या मंडळ्या बघत फिरला, तेव्हा लोकांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे पाहून तो हादरला. पुढच्याच वर्षी त्याने प्रश्नोत्तरांचं एक छोटं पुस्तक काढलं. त्यातल्या भागांच्या मथळ्यांवरच लिहिलं होतं की घरातल्या कर्त्याने हे आपल्या कुटुंबाला सोप्या रीतीने शिकवावं. धर्मसुधारणेच्या त्या मोठ्या धामधुमीतही त्याला स्वयंपाकघराची आठवण राहिली होती.

तर आता प्रत्यक्ष कृती.

वेळ एकच ठरवा आणि ती कशाला तरी बांधून टाका. बहुतेक मराठी घरांत रात्रीच्या जेवणाआधीची वेळ जमते. दुकान किंवा शिफ्ट असेल तर सकाळी शाळेची रिक्षा यायच्या आधीची पाच मिनिटं घ्या. सगळी प्रार्थना दहा मिनिटांत आटोपली पाहिजे, लहान मूल असेल तर पाच मिनिटांतच. अर्ध्या तासाची घरगुती सभा तुम्ही उत्साहाने चार दिवस कराल आणि पाचव्या दिवशी सोडून द्याल.

क्रम असा ठेवा: एक गीत किंवा भजन, त्यातलंही एखादं कडवं. मग शास्त्रातली एक छोटी गोष्ट. त्यावर एखादा प्रश्न. मग प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हे शब्द मुलाला वेगळे शिकवावे लागत नाहीत. रोज कानावर पडले की तीन वर्षांचं पोर मधले मधले शब्द गाळून ते म्हणू लागतं. गाळू द्या, लगेच दुरुस्त करू नका.

वाचायला काय घ्यावं, हा प्रश्न नवे आईबाप हमखास विचारतात. उत्पत्तीपासून ओळीने वाचायला घेऊ नका, लेवीयपर्यंत पोहोचताना मुलं आणि तुम्ही दोघंही थकाल. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्टी भराभर पुढे जातात. पहिल्या आठवड्यासाठी सात गोष्टी: छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षाघाती (अध्याय २), वादळात झोपलेला येशू (४), याईराची मुलगी (५), पाच भाकरी नि दोन मासे (६), येशूने मुलांना जवळ घेतलं ती गोष्ट (१०), आंधळा बार्तीमय (१०), आणि विधवेची दोन नाणी (१२). याईराच्या मुलीची गोष्ट सांगताना शेवटचं वाक्य विसरू नका. मेलेली मुलगी उठली, आणि येशूने सांगितलं, तिला काहीतरी खायला द्या. वर्गात या वाक्याला मुलांचे चेहरे उजळतात. हा प्रभू आपल्या भुकेचीही आठवण ठेवतो, हे त्यांना न समजावता कळतं.

प्रश्न विचारताना ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारू नका. त्यावर मुलं तुम्हाला हवं ते पाठ उत्तर देतात: खोटं बोलू नये, आईचं ऐकावं. त्याऐवजी विचारा, ‘त्या नावेत तू असतास तर काय केलं असतंस?’ किंवा ‘येशू झोपला होता म्हणून शिष्य का रागावले?’ उत्तर वेडंवाकडं आलं तरी ऐकून घ्या.

भाषेचं एक सांगायला हवं. आता आपली पुष्कळ मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांना इंग्रजी बायबल वाचता येतं, आजीची मराठी प्रार्थना मात्र अर्धीच कळते. मग आजी एकटीच प्रार्थना करते आणि नातवंडं शेजारच्या खोलीत असतात. असं होऊ देऊ नका. मुलाने इंग्रजीतून वाचावं, आजीने तेच मराठीतून वाचावं, आणि प्रार्थना मराठीत व्हावी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना ते कळावं, ही त्यांची तळमळ होती. १९२२ साली त्या गेल्या आणि ते भाषांतर त्यानंतर, १९२४ साली, छापून झालं. आपल्या भाषेत देवाशी बोलता यावं म्हणून इतके कष्ट झाले आहेत, तर आपल्या घरातून ती भाषा आपल्या हाताने घालवायला नको.

प्रार्थनेत मुलांना त्यांचे शब्द वापरू द्या. मांजर हरवलं, गणिताचा पेपर अवघड गेला, मैत्रिणीने कट्टी घेतली, हे सगळं प्रभूपुढे चालतं. रडणं, तक्रार करणंही चालतं. स्तोत्रसंहितेत किती स्तोत्रं ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं म्हणतात ते बघा. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: प्रार्थनेतून मुलाला बोलणं. ‘हे प्रभू, आमच्या सोनूला आज्ञाधारक कर, त्याचं अभ्यासात लक्ष लागू दे, मोबाईलचं वेड जाऊ दे,’ असं सोनू शेजारी मान खाली घालून बसलेला असताना मोठ्याने म्हटलं की ती प्रार्थना राहत नाही, सर्वांदेखत केलेली कानउघाडणी होते. दहा वर्षांचा मुलगा हे बरोबर ओळखतो, आणि मग त्याला प्रार्थनेचीच चीड येते. ते मागणं तुम्ही मुलं निजल्यावर दोघं मिळून करा. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल आभार माना.

एखादा दिवस चुकला तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं.

प्रत्येक लेकराला त्याची वेळ

इंग्लंडात एपवर्थ गावच्या पाळकाच्या घरात सुझाना वेस्ली नावाची आई होती. तिला एकोणीस मुलं झाली, त्यांतली बरीच तान्हेपणीच गेली. घर मोठं, पैसा कमी, नवरा पुष्कळदा बाहेर. तिने १७१२ साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे की ती रोज संध्याकाळी एकेका मुलाशी वेगळी बसून बोलते. गुरुवार होता जॉनचा आणि शनिवार चार्ल्सचा. पुढे या दोघा भावांच्या सेवेतून मेथडिस्ट चळवळ उभी राहिली. पण तिच्या वेळापत्रकात बाकीच्या मुलामुलींचीही नावं आहेत, ज्यांना जग ओळखत नाही. मला त्या वेळापत्रकात हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

तुम्हाला एक किंवा दोन मुलं असतील. आठवड्यातून एकदा, प्रत्येकाबरोबर अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. भाजी आणायला सोबत न्या, भांडी पुसायला घ्या, गच्चीवर बसा. उपदेश करायचा नाही. आठवडाभर काय झालं ते ऐकायचं. दोन मुलं असतील तर तुलना जिभेवर येऊ देऊ नका. इसहाकाला आपल्या जुळ्या मुलांतला एसाव आवडायचा, त्याच्या बायकोला, रिबकेला, याकोब, आणि ते घर फुटलं. तोच याकोब पुढे आपल्या लाडक्या मुलाला, योसेफाला, वेगळा झगा करून देतो आणि त्याचे भाऊ त्याला विकून टाकतात. आजोबांच्या घरातली चूक बापाच्या घरात तशीच उतरली. उत्पत्तीच्या पुस्तकाने हे झाकून ठेवलेलं नाही.

शिस्त

इथे ख्रिस्ती घरांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं पहिलं वचन आपल्या मुलांना पाठ असतं: आईबापांच्या आज्ञेत राहा. चौथं वचन आईबापांना पाठ असायला हवं: मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात त्यांना वाढवा. कलस्सैकरांस पत्रात पौल कारणही देतो, नाहीतर मुलांचं मन खचतं. त्या काळच्या रोमी समाजात बापाचा लेकरांवर जवळजवळ अमर्याद हक्क होता. अशा बापांना ‘तुम्हीही प्रभूला जबाबदार आहात’ असं सांगणं ही केवढी धीट गोष्ट होती.

अति लाडाचंही शास्त्र कौतुक करत नाही. एली याजकाने आपल्या बहकलेल्या मुलांना बोल लावला तो म्हातारपणी, पाणी डोक्यावरून गेल्यावर. अदोनीयाबद्दल तर पहिल्या राजेच्या पहिल्याच अध्यायात एक वाक्य येतं, की ‘तू असं का केलंस?’ असं त्याच्या बापाने त्याला जन्मात कधी विचारलं नव्हतं. तो बाप म्हणजे दावीद, देवाच्या मनासारखा माणूस. राज्य चालवताना घरात साधा प्रश्न विचारायचा राहून गेला.

आता छडी. नीतिसूत्रांतलं ‘जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो’ हे वचन सांगून मुलांना बडवणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि मी त्यांच्याशी मुळीच सहमत नाही. नीतिसूत्रं हे शहाणपणाचं पुस्तक आहे. मुलाला वाटेवर आणायला आळस करू नका, हे त्याचं सांगणं. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात काठी आहे आणि मेंढराला ती पाहून धीर येतो. तुमचा हात वर गेल्यावर लेकराला धीर येतो का, हा प्रश्न स्वतःला विचारा. ज्या येशूने एका बालकाला मध्ये उभं केलं आणि अशा लहानांना अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलं तर बरं असं म्हटलं, त्याच्या नावाने मुलाच्या अंगावर वळ उठवता येत नाहीत. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. आपल्या घराचं माप त्याहून खालचं असू नये.

मग करायचं काय? नियम थोडे ठेवा आणि आधी सांगा. पाच वर्षांच्या मुलाला तीन नियम पुरतात: खरं बोलायचं, कुणाला मारायचं नाही, एकदा ‘नाही’ म्हटलं की तो विषय संपला. नियम मोडला तर परिणाम त्या चुकीशी जोडलेला असावा. दूध मुद्दाम सांडलं तर पुसायचं. बहिणीची वही फाडली तर खाऊच्या पैशांतून नवी आणायची. मोबाईलवर खोटं बोलला तर आठवडाभर मोबाईल कपाटात. राग आलेला असताना शिक्षा ठरवू नका. ‘मी आत्ता रागावले आहे, दहा मिनिटांनी बोलू,’ एवढं सांगून बाजूला व्हा. ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला धीमे, असं नव्या करारातल्या पत्रात याकोब (योसेफाचा बाप नव्हे, हा दुसरा) लिहितो ते याच घटकेसाठी. आणि शिक्षा संपली की ती खरोखर संपू द्या. जवळ घ्या, जेवायला वाढा, पाहुण्यांसमोर पुन्हा तो पाढा वाचू नका.

दीड-दोन वर्षांच्या बाळाला यातलं काहीच लागू नाही. ते हट्ट करत नसतं, त्याला झोप आलेली असते.

आणखी एक. ‘असं केलंस तर येशूबाप्पा रागावेल’, ‘देव वरून बघतोय, शिक्षा करील’ हे वाक्य घरातून काढून टाका. आपल्याला आवरत नाही म्हणून देवाला बागुलबुवा करायचं, आणि मग पंधरा वर्षांनी मूल देवापासून दूर का पळतं म्हणून रडायचं, असं होतं. मुलं चुकली की त्यांनी देवाकडे धाव घ्यावी, हे आपल्याला हवं आहे ना?

क्षमा मागणारे आईबाप

मुलांना क्षमा शिकवण्याचा एकच मार्ग मला खात्रीचा वाटतो: आईबापांनी मुलांची क्षमा मागणं. आपल्याकडे हे अवघड जातं. मोठ्यांनी लहानांपुढे नमायचं, ही रीत नाही. पण घरात सगळ्यांचा धनी एकच आहे हे जर खरं असेल, तर चूक बापाचीही चूकच असते. शब्द साधे ठेवा: ‘मघाशी मी तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं. मला क्षमा कर.’ एवढंच. पुढे ‘पण तूही जरा…’ जोडायचं नाही, नाहीतर क्षमा मागणं तिथेच फुकट जातं.

मुलाकडून जबरदस्तीने ‘सॉरी म्हण’ असं वदवून घेऊ नका. काय झालं ते त्याला सांगू द्या, समोरच्याला किती लागलं ते ऐकू द्या, मग वेळ द्या. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा असं इफिसकरांस पत्रात आहे. रात्रीच्या प्रार्थनेआधी ‘कुणाचं कुणाशी काही राहिलंय का?’ असं विचारायची सवय लावली तर हळूहळू मुलंच आपणहून सांगू लागतात.

रविवार आणि मंडळी

संडे स्कूलला मुलं पाठवा, पण आपलं काम तिथे सोपवून मोकळं होऊ नका. रॉबर्ट राइक्सने १७८० साली इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरात ही शाळा सुरू केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी, त्यांना लिहिता-वाचता यावं म्हणून. आठवड्यातल्या एका तासाने बाकीच्या सहा दिवसांचं काम होत नाही, हे शिकवणारी म्हणून मी सांगते. घरी शास्त्र उघडणारं मूल वर्गात दोन मिनिटांत ओळखू येतं.

मुलांना घेऊन उपासनेत पुढच्या बाजूला बसा. काय चाललंय ते दिसलं की चुळबुळ कमी होते. दानाच्या वेळी त्यांच्या हातात तुमची नोट देण्यापेक्षा त्यांच्या खाऊच्या पैशांतलं थोडं त्यांनाच टाकू द्या. आणि दुपारी जेवताना पाळकांचं वाभाडं काढू नका. मंडळीतल्या निवडणुका, गटबाजी, कोर्टकचेऱ्या यांनी आपल्या कितीतरी मंडळ्या पोखरल्या आहेत. मुलं ते सगळं ताटावर ऐकतात, आणि पुढे चर्चला यायचं थांबवतात तेव्हा आपण कारण शोधत बसतो.

शाळा, शेजार, नातेवाईक

महाराष्ट्रातलं ख्रिस्ती मूल वर्गात बहुधा एकटं-दुकटं असतं. ‘तुम्ही इंग्रजांचे का?’ हा प्रश्न त्याला आज ना उद्या कुणीतरी विचारतंच. त्याला उत्तर आधीच देऊन ठेवा: येशू इंग्रज नव्हता, तो यहूदी होता. आपले पणजोबा-पणजी इथलेच, आपली भाषा इथलीच. हे शांतपणे सांगता आलं म्हणजे झालं, भांडायचं कारण नाही.

मामाच्या घरी गणपती असतो, काकूच्या घरी नवरात्र. नव्याने विश्वासात आलेल्या घरांत हा प्रश्न दरवर्षी येतो. तिथे जायचं, प्रेमाने भेटायचं, मामाच्या पाया पडून आशीर्वाद घ्यायचा. आरतीत सहभाग, प्रसाद याबद्दल तुमच्या घराने काय ठरवलं आहे ते आदल्या दिवशी मुलाला नीट समजावा, आणि मामालाही आधी प्रेमाने कळवा. मुलाने ते ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगावं, हा भार त्याच्यावर टाकू नका. दुसऱ्यांच्या श्रद्धेची टिंगल मात्र घरात एकदाही होऊ देऊ नका. नाताळात करंज्या, चकल्या, केक यांचं ताट शेजारी न्यायचं काम मुलांकडे द्या. आपला विश्वास चार भिंतींत लपवायचा नसतो आणि कुणावर आदळायचाही नसतो, हे त्या ताटाबरोबर त्यांना कळत जातं.

सुरक्षितता

हा भाग कृपा करून वगळू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला शरीराच्या सर्व भागांची नावं शिकवा. कुठे कुणी हात लावायचा नाही ते सांगा. काका असो, शिक्षक असो, पाळक असो, मंडळीतला मोठा माणूस असो, नको वाटलं तर ‘नाही’ म्हणायचा हक्क मुलाला आहे. पाहुण्यांना पापी द्यायची जबरदस्ती बंद करा. ‘आईला सांगू नकोस’ असं जो म्हणेल त्याचं पहिल्यांदा आईलाच सांगायचं, हे त्यांच्या मनात घट्ट बसू द्या.

मुलाने काही सांगितलं तर विश्वास ठेवा. मंडळीची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवायला जाऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे. ‘आम्ही क्षमा केली’ म्हणणाऱ्यांना सांगा, क्षमा आणि पोलीस तक्रार एकमेकांच्या आड येत नाहीत. लेकरू आपल्या राखणीला दिलेलं आहे, मंडळीची अब्रू त्यानंतर.

मूल प्रश्न विचारू लागलं की

बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. आपलं बारा वर्षांचं मूल विचारतं, ‘डायनासोर बायबलमध्ये का नाहीत?’, ‘माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, तिचं काय होणार?’, तेव्हा आपण दचकतो. दचकू नका. ‘असे प्रश्न विचारायचे नाहीत’ म्हणू नका. माहीत नसेल तर ‘मला नक्की ठाऊक नाही, आपण मिळून शोधू’ म्हणा, आणि खरंच शोधा. येशू पुन्हा उठला यावर थोमा या शिष्याचा विश्वास बसेना, त्याला जखमा पाहायच्या होत्या, प्रभूने त्याला त्या दाखवल्या.

दृढीकरण (तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा मोठेपणी स्वतः कबूल करणं) किंवा मोठेपणीचा बाप्तिस्मा घेण्यासाठी मुलाला ढकलू नका. बरोबरीची सगळी मुलं घेताहेत, नवे कपडे शिवून झालेत, मामा पुण्याहून येणार आहेत, यांतलं एकही कारण पुरेसं नाही. त्याला थांबायचं असेल तर पाळकांना सांगून पुढच्या वर्षी नाव द्या.

आणि एखादं मूल सतराव्या, अठराव्या वर्षी ‘मला चर्चला यायचं नाही’ म्हणतं. मोनिका नावाची आई उत्तर आफ्रिकेत होती. तिचा मुलगा ऑगस्टिन, जो पुढे मंडळीचा थोर शिक्षक झाला, आधी तिच्या विश्वासापासून दूर गेला, वर्षानुवर्षं दूर राहिला. तिने त्याच्यासाठी रडून प्रार्थना केली, समुद्र ओलांडून इटलीत त्याच्यामागे गेली. ३८७ सालच्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी ती गेली. सगळ्याच घरांत असं होईल असं मी म्हणत नाही, तसं वचन कुणी देऊ शकत नाही. पण त्या वयातल्या मुलाशी कसं वागायचं ते ठरवता येतं. रविवारी सकाळी एकदा विचारा, ‘येतोस का?’ नाही म्हणाला तर दार न आपटता जा. तो घरी असेल तेव्हाही जेवणाआधीची प्रार्थना नेहमीसारखी होऊ द्या, त्याला डोळे मिटायला लावू नका. त्याच्या खर्चाचे पैसे, त्याचं शिक्षण, त्याचं घरात असणं यांपैकी काहीही चर्चच्या हजेरीशी बांधू नका. त्याच्या मित्रांना जेवायला बोलवा. मंडळीत कुणी ‘मुलगा दिसत नाही?’ असं विचारलं तर ‘घरी आहे, बरा आहे’ एवढंच सांगा, त्याची गाऱ्हाणी तिथे मांडू नका. आणि तुमच्या दोघांच्या रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव रोज असू द्या.